तिसऱ्या महिन्यातला सत्कार

आमच्या केंद्रात औषधांचं कपाट लहान होतं आणि शालींचं मोठं. शाली गठ्ठ्याने यायच्या, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि अंगावर घेतल्या की टोचायच्या. व्यसन सोडलेल्या माणसाला स्टेजवर बोलवायचं, शाल पांघरायची, हातात नारळ आणि प्रमाणपत्र द्यायचं, फोटो काढायचा. बावीस वर्षं मी तिथे समुपदेशक होते. त्यातली किती माणसं खरोखर सुटली हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. किती जणांना शाल मिळाली हे मात्र कार्यालयातल्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की नोकरीतले समाधानाचे प्रसंग लिहा, दिवाळीत लोकांना चांगलं वाचायला आवडतं. मी दोन दिवस आठवून पाहिलं. समाधानाचे प्रसंग होते, पण ते तीन ओळींत संपतात. जे संपत नाही ते लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत आणि संस्थेचं नाव देत नाही, देऊन कुणाचं भलं होणार नाही.

केंद्र हायवेला लागून होतं, पूर्वी तिथे बियाण्यांचं गोदाम होतं. ट्रक गेला की बोलणं थांबवायचं आणि तो दूर गेला की राहिलेलं वाक्य पूर्ण करायचं, इतकी ती सवय झाली होती की मी घरीसुद्धा मध्येच थांबायची. आसपासच्या गावांत मला ‘समजावनारी बाई’ म्हणत. नवऱ्याला समजवा, भावाला समजवा. एकदा एका सुनेने सासूलाच आणून बसवलं होतं, आणि सासूला कसलंही व्यसन नव्हतं.

बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. आमचं निम्म्याहून जास्त काम दारूचं. दारू सोडणाऱ्या माणसाचे पहिले चार-पाच दिवस घरच्यांना दिसतात. हात थरथरतात, घाम येतो, काहींना भिंतीवर नको ते दिसतं. डॉक्टर औषध देतात, माणूस त्यातून निघतो, दोन-तीन महिन्यांत तोंडावर तेज येतं. घरच्यांना काय झालं ते कळतं, आणि कळलं की धीर धरता येतो.

गेल्या काही वर्षांत दुसरी माणसं येऊ लागली. नागपूर–रायपूर रस्त्यावर गाडी चालवणारे, झोप येऊ नये म्हणून गोळ्या खाणारे. काही जण गोळीवरून नागपुरातून येणाऱ्या पांढऱ्या पावडरवर गेलेले. या माणसांनी सोडलं की थरथर नाही, उलटी नाही, आरडाओरड नाही. माणूस झोपतो. दोन दिवस, तीन दिवस, उठून भाताचा डोंगर खातो आणि पुन्हा झोपतो. घरचे म्हणतात, बिचारा थकला होता, बरं झालं. खरं दुखणं त्यानंतर उठतं. डोक्यातली आनंदाची जी काही यंत्रणा असते ती गोळीने इतकी वर्षं पिळून घेतलेली असते की गोळी गेल्यावर तिथे काहीच उरत नाही. दुःखही नीट होत नाही. सकाळी जरा बरं वाटतं, दुपारी विनाकारण राग येतो, संध्याकाळी रडू येतं, आणि या सगळ्याच्या तळाला एक कोरडेपणा असतो तो हलत नाही. कुणाचा दोन महिन्यांत जातो, कुणाचा वर्ष घेतो. आणि सगळ्यात वाईट काळ बहुतेकदा तेव्हाच येतो, जेव्हा गोळी सोडून बरेच दिवस झालेले असतात आणि घरच्यांना वाटतं की आता तर बरा व्हायला हवा होता.

याला उपाय आहेत, पण ते ऐकायला फार साधे वाटतात, म्हणून कुणी मानत नाही. रोज एका वेळी उठवायचं. आंघोळ, जेवण, ऊन, थोडं चालणं. एक लहान काम द्यायचं, जे बिघडलं तरी चालेल. मोठा निर्णय कुठलाच घ्यायचा नाही. सारखं ‘कसं वाटते’ विचारायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. मरणाचं बोलला तर हसण्यावारी न्यायचं नाही, सरळ विचारायचं आणि डॉक्टरांकडे आणायचं. आमच्याकडे डॉक्टर मंगळवारी यायचे, लागेल त्याला मनाचं औषधही द्यायचे. बाकी सहा दिवस मी.

मनाची नोंद कशी ठेवायची हा प्रश्न होता. आमच्या फॉर्मवर ‘एक ते दहा आकड्यांत सांगा’ असं छापलेलं होतं. धानवाला माणूस आकड्यात मन सांगत नाही. तो मला खूश करायला आठ सांगायचा. मग मी शाळेच्या वह्या आणल्या आणि विचारायला लागले, की धान लावताना, रोवणीत, चिखलात उभा आहेस असं समज, आज किती खोल? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. हे सगळ्यांना जमलं. एकाने तर ‘एक पाय घोट्यापर्यंत, एक गुडघ्यापर्यंत’ असं लिहून आणलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

नाकाडोंगरीकडचा सुखदेव याच वहीवर तरला. खाणीच्या गाड्या चालवायचा. गोळी सोडल्यावर चौथ्या आठवड्यात त्याने घरचा टीव्ही अंगणात फेकला. त्याची बायको मला म्हणाली, “मॅडम, हा गोळ्या खात होता तं बरा होता जी. निदान टीवी तं पाहू दे.” पण बाई खमकी. तिने त्याच्या हाती बकऱ्या दिल्या आणि सांगितलं, संध्याकाळी परत आण, बाकी मी काही विचारत नाही. दहा महिने त्याने बकऱ्या चारल्या. गावाने त्याला नावं ठेवली. दहाव्या महिन्यात मला रस्त्यात भेटला तर एका बकरीच्या खोड्या सांगताना पोट धरून हसत होता. त्याचा सत्कार झाला नाही, कारण कार्यक्रमाच्या दिवशी तो बकऱ्या सोडून आला नाही.

हे मला माहीत होतं, एवढंच आधी सांगून ठेवते.

देवानंदला त्याचा मोठा भाऊ मोरेश्वर घेऊन आला. गाव दिघोरी, घरी धानाची शेती, देवानंद एका राइस मिलचा ट्रक चालवायचा. वय बत्तीस. रोवणी नुकतीच आटोपली होती. गाडी चालवताना त्याला रस्त्यात नसलेली गाय दिसली होती, तिला वाचवायला त्याने गाडी नाल्यात घातली. कुणी मेलं नाही. तो स्वतःहून म्हणाला, “मॅडम, मले सोडाचं हाय. उद्या गायीच्या जागी मानूस असन.”

असं स्वतः म्हणणारी माणसं मला बावीस वर्षांत फार थोडी भेटली. त्याने शब्द पाळला. पहिल्या दिवसापासून गोळी बंद, ती बंदच. तीन दिवस झोपला, मग घरी गेला, दर आठवड्याला वही घेऊन यायचा. वहीत घोटा फारसा नसायचाच. गुडघा, गुडघा, कमर, कमर. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी म्हणाला, “पोरगी मांडीवर येऊन बसते मॅडम. मले काईच वाटत नाही. कोनी पोतं ठेवलं असं वाटते. मंग मले माह्यीच लाज वाटते.”

मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? तो म्हणाला, “मरासाठी भी मनात काई पाह्यजे ना जी.” मी त्याला त्याच मंगळवारी डॉक्टरांसमोर बसवलं. औषध सुरू झालं.

मोरेश्वर वाईट माणूस नव्हता. भावाला दर वेळी तोच मोटारसायकलवर आणायचा, आपलं काम टाकून. पण त्याचा एकच प्रश्न असायचा, “मॅडम, हा पयलेवानी कधी होईन?”

प्रत्येक घरचे हेच विचारतात. एकदा मी उलट विचारलं, “पहिल्यासारखा म्हणजे कसा?”

मोरेश्वरचा चेहरा उजळला. “पयले म्हंजे? रायपूरहून गाडी घेऊन ये आन् तसाच धानाच्या बांधीत उतरे. चार मानसायचं काम एकटा करे. हसे, गमती करे. गावात कोनाच्या घरी लगन असलं तं हाच पुढं.”

“आणि गोळी कधी सुरू केली होती त्याने?”

देवानंद बाजूलाच बसला होता. जमिनीकडे बघत म्हणाला, “सहा वर्सं झाले.”

मोरेश्वरने ज्या ‘पयले’ची आठवण काढली ते सगळं या सहा वर्षांतलं होतं. ते हसणं गोळीचं होतं, ते चार माणसांचं काम गोळीचं होतं. मी त्याला समजावून सांगितलं, समजावणारी बाईच होते ना. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “बरं मॅडम. पन होईन ना पयलेवानी?”

देवानंदची बायको शालू एकदाच आली होती, मुलीला घेऊन. काही विचारलं नाही. त्यांचं लग्न चार वर्षांपूर्वी झालेलं. म्हणजे तिने नवरा म्हणून पाहिलेला माणूस पहिल्या दिवसापासून गोळीवरचाच होता. हे माझ्या लक्षात आलं, मी ते फाइलमध्ये लिहिलं, आणि तिच्याशी बोलले नाही. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

नोव्हेंबरात सत्कार आला. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, भला माणूस, पण त्यांना स्टेज फार आवडायचं. यादीत देवानंदचं नाव सगळ्यात वर. मी त्यांना म्हटलं, “सर, याला आत्ता नको. हा सध्या फार खाली आहे. सहा महिने जाऊ द्या.”

त्यांनी टेबलाच्या काचेखालचा कागद दाखवला. नव्वद दिवस पूर्ण झालेल्या लाभार्थ्याचा सत्कार करण्यात यावा. खाली सही होती, माझीच.

तो नियम मी केला होता. पंधरा वर्षांपूर्वी, जेव्हा आमच्याकडे फक्त दारूची माणसं यायची. दारूला नव्वद दिवस ठीक होते. पुढे गोळीवाले आले, त्यांचं दुखणं निराळं आहे हे मला समजलं, त्यावर मी शिबिरांत भाषणंसुद्धा केली, आणि काचेखालचा कागद तसाच राहू दिला. एका ओळीची दुरुस्ती होती, आज करू, उद्या करू, करत राहिली. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तुमचाच नियम. आणि इतका प्रामाणिक लाभार्थी दुसरा दाखवा.” मला भांडता आलं असतं. एरवी मी झाडूच्या खरेदीवरून भांडले आहे. त्या दिवशी माझीच सही समोर होती, आणि मी ओशाळले आणि गप्प बसले. याचा राग मला अध्यक्षांपेक्षा माझाच जास्त आहे.

कार्यक्रम सकाळी अकराला, आमच्याच हॉलमध्ये. देवानंदच्या वहीत त्या दिवशीची नोंद होती, ‘गळ्यापर्यंत’. गळा हा शब्द मी कुणाला शिकवला नव्हता. शाल त्याच्या अंगावर घातली, टाळ्या वाजल्या, त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

“मी गोळी सोडली,” तो म्हणाला. “तेवढंच केलं. बाकी काई झालं नाही आजून.”

लोकांना वाटलं, किती विनम्र माणूस. टाळ्या आणखी जोरात झाल्या. मग प्रमुख पाहुणे उठले. पाहुणे म्हणून त्याच राइस मिलचे मालक बोलावलेले होते, संस्थेला त्यांची मदत असायची. त्यांनी देवानंदच्या खांद्यावर हात ठेवून माइकवर जाहीर केलं, “आमचा ड्रायव्हर सुधरला. याची गाडी याची वाट पाहून राहिली. सोमवारपासून ये.” हॉलमध्ये सगळे उभे राहिले. मोरेश्वरने हात जोडले. मीही उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या आजूबाजूचे सगळे वाजवत होते.

फाटकापाशी मी मोरेश्वरला गाठलं. म्हटलं, गाडीवर पाठवू नका. त्याच सीटवर, त्याच रस्त्याला बसला तर हात खिशाकडेच जाईल. औषध चालू आहे, अजून सहा महिने थांबा.

तो गोंधळला. “असं कसं म्हनता मॅडम? सर्टिफिकेट तं तुमीच देल्लं. लॅमिनेशन कराले चाललो मी.”

त्यानंतर देवानंद मंगळवारी यायचा थांबला. पाचेक आठवड्यांनी एका दुपारी ट्रक बाहेर उभा करून आला. हातात पेढे. दारातूनच सगळ्यांना हाका मारत, चौकीदाराच्या पाठीवर थाप देत. “मॅडम, एकदम फर्स्ट क्लास! काल रायपूर, आज भंडारा, उद्या परत रायपूर.” खुर्चीवर बसला, उठला, खिडकीपाशी गेला, परत बसला. ओठ कोरडे, जीभ सारखी ओठांवरून फिरत होती, जबडा आपोआप हलत होता. डोळ्यांतल्या बाहुल्या भर दुपारच्या उजेडात मोठ्या.

मी म्हटलं, “देवा, कधीपासून पुन्हा?”

तो हसला. “तुमी भी ना मॅडम. सुधरलेल्या मानसावर शक घेता.” आणि हसू न पुसता म्हणाला, “सोमवारी गाडीवर बसलो, मंगळवारी घेतली. तुमाले नाही सांगत तं कोनाले सांगू. पन तुमी घरी नोका सांगू जी. घरचे लय खूश हाय.”

मंगळवारी येतोस का, विचारलं. येतो म्हणाला. आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा मी बसने दिघोरीला गेले. त्याने नको म्हटलं होतं, पण गाडी चालवणाऱ्या माणसाचं गुपित ठेवायचं नसतं. त्याच्यासमोर रस्ता असतो आणि रस्त्यावर माणसं असतात.

घरी मोरेश्वर होता, त्याची आई होती. दोघांनी माझं असं स्वागत केलं की मला लाज वाटली. भिंतीवर प्रमाणपत्र लॅमिनेशन करून लावलेलं. आईने माझे दोन्ही हात धरले. “बाई, माहा पोरगा वापस देल्ला तुमी. आता कसा हासते, बोलते.” मी मोरेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. “नाही मॅडम. गोळी असती तं मले समजलं असतं. सहा वर्सं पाह्यलं ना मी त्याले.”

शालू घरी नव्हती. बांधीत लाखोरीची भाजी खुडत होती. धान निघाल्यावर त्याच बांधीत लाखोरी पेरतात, थंडीत तिचे कोवळे शेंडे भाजीला खुडतात. मी बांधावरून गेले. तिने मला पाहिलं, खुडणं थांबवलं नाही.

“तुमी कायले आल्या ते माहीत हाय मले,” ती म्हणाली.

“त्याने सांगितलं?”

“सांगाले कायले पाह्यजे? ज्या दिवशी संध्याकाळी घरी आले आन् पोरीले खांद्यावर घेऊन नाचवली, त्याच दिवशी समजलं. घराच्या माग्गं जाऊन रडली मी.”

“कोणाला बोलली नाहीस?”

“कोनाले बोलू? ह्यायचे मोठे भाऊ खूश, बुढी खूश. आन् मॅडम, खोटं कायले बोलू, मी भी खूश झाली. तीन महिने मी एका मानसाले चहा नेऊन देत होती, तो माह्याकडं पाहत भी नव्हता. मले वाटे, हाच खरा असन तं मंग माह्यं लगन कोनासंग झालं? तुमी म्हनता थांबा, येईन. कोन येईन? जो येईन त्याले मी वळखत भी नाही.”

मी तिला सुखदेवचं सांगितलं. दहा महिने लागले पण माणूस आला, असं. ती म्हणाली, “त्या बाईनं नवरा पयले पाह्यला असन. तिले माहीत असन कोनाची वाट पाहून राहिली ते.” बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणात हे नव्हतं.

निघताना तिने पदरातली भाजी माझ्या पिशवीत घातली आणि सहज बोलली, “भाजीवरून आठोलं. तुमच्या त्या सत्काराच्या चार दिवस आधी मले म्हने, आज भाजीत मीठ कमी हाय. तीन महिन्यांत पयल्यांदा तोंडातून सबूद निंगाला, तो भी असा. मी अशी चिडली! म्हटलं, बसून खाता, वरून नावं ठेवता. मंग काईच बोलले नाही.”

या माणसांचं एक असतं. कोरडेपणा असतो तोवर ते जेवणाबद्दल काही बोलत नाहीत. आळणी द्या, खारट द्या, करपलेलं द्या, ताट रिकामं होतं. ज्या दिवशी माणूस जेवणाला नाव ठेवतो त्या दिवशी समजायचं, चव आली. चव आधी येते, कारण असलेला राग मग, हसू सगळ्यात शेवटी. सुखदेवच्या बायकोला मी हे सांगून ठेवलं होतं, म्हणून तो वरणावरून भांडला तेव्हा तिने देवापुढे दिवा लावला. शालूला मी सांगितलं नव्हतं. वहीत सगळ्या खोल नोंदीच होत्या, त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं, आणि मी वहीवर विसंबले होते.

“काय झालं मॅडम?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं आणि बसस्टँडवर आले. त्या बाईला त्या घडीला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. तो अजून गाडी चालवतो, असं ऐकते. मिलच्या मालकांनाही मी सांगून पाहिलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारलं, तो हसला, झालं.

शालू तुझं खरं नाव नाही, पण तू हे वाचलंस तर ओळखशील. तुझं काही चुकलं नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तो तुझा नवरा होता, गोळीच्या आधीचा, तू कधी न पाहिलेला. तो यायला निघाला होता. चार दिवसांनी आम्ही त्याला शाल पांघरली.